मोजा कोंबलेली घंटा

मित्रांनो, मी घंटा आहे. सायकलच्या दुकानात मिळते तसली ट्रिंग-ट्रिंगवाली नव्हे. घोडीच्या गळ्यातली, पितळेची, वाटीएवढी, एका कडेला चेपलेली. वेल्समधल्या एका जंगलात, हेझेलच्या झुडपांजवळच्या वळणावर, ओकच्या खांबाला मी टांगलेली आहे. अंगावर शेवाळ चढायला लागलंय. तुम्हाला गोड गोष्ट हवी असेल, पण माझ्याकडे गोड गोष्ट नाही. जी आहे ती सांगते.

मला इंग्लंडातल्या एका धुराड्यांच्या गावात ओतलं. ज्यानं ओतलं त्यानं माझ्याकडे धड पाहिलंही नाही. साच्यातून काढली, घासली, नखानं एक टिचकी मारली, "बरी आहे," म्हणाला आणि पेटीत टाकली. तेवढंच माझं बारसं.

तिथून मला या खोऱ्यात आणलं एमरिसच्या वडिलांनी. ते जंगलात लाकूड ओढायचे. ओकचे, लार्चचे ओंडके साखळीनं घोडीला जुंपायचे आणि डोंगरावरून खाली आणायचे. मी घोडीच्या गळपट्ट्याला. ज्या वाटेनं आम्ही उतरायचो ती ही घोडवाट. कोणी आखलेली नाही, कोणी बांधलेली नाही. खुरांनी पडली आणि खुरांनीच टिकली. एका अंगाला शेवाळलेली दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला थेट ओढ्यापर्यंत घसरण. समोरून दुसरी घोडी आली तर दोघींना जागा नाही.

म्हणून इथे एक रिवाज होता. आंधळं वळण आलं की घोडी थांबवायची. मला वाजवायचं. आणि गप्प उभं राहायचं. वळणापलीकडे कोणी असेल तर तो ओरडायचा, "होऽऽ!" मग ज्याचं ओझं हलकं तो मागे सरायचा. पलीकडून काहीच आलं नाही, तरच पुढे पाऊल.

आणि खालून चढणारा माणूस काय करायचा? तो वळणाखाली थांबून माझा कानोसा घ्यायचा. घंटा ऐकू आली नाही, म्हणजे वर कोणी नाही. चला. माझा आवाज जेवढा खरा मानायचे, तेवढंच माझं गप्प असणंही खरं मानायचे. हे नीट लक्षात ठेवा. पुढे मी पुन्हा सांगणार नाही, सांगवणारही नाही.

मग ट्रॅक्टर आले. दुसऱ्या वाटा रुंद करून त्यांनी लाकूड नेलं. घोडवाट तशीच राहिली आणि मी तबेल्यात खिळ्याला लटकले. वडील गेले, एमरिस म्हातारा झाला. पण त्यानं एक घोडी ठेवलीच. तिचं नाव ब्लॉडिन. जांभळट काळी, पायांवर केसांचे झुबके, पोट हे एवढं. ती शिंगरू होती तेव्हापासून एमरिस तिला दाणा घालताना मला वाजवायचा. माझा आवाज आला की ती कान टवकारायची आणि नाकानं फुरफुरायची. कौतुक कौतुक म्हणतात ना, ते मला त्या फुरफुरण्यात मिळालं. माणसांनी कधी एवढं केलं नाही.

एमरिसची लेक मेरेरिद. तिची मुलगी नेस्ट. नेस्टला सायकल मिळाली त्या दिवशी एमरिसनं मला खिळ्यावरून काढलं, राखेनं घासलं आणि चामडी पट्ट्यानं सायकलच्या दांड्याला बांधलं.

"आजोबा, ही गाईची घंटा आहे. मुलं हसतील मला."

"घोडीची आहे. आणि हसणाऱ्याला एकदा घोड्याची लाथ बसली की हसू आपोआप थांबतं."

"मी साधी घंटी घेते की. लाल रंगाची मिळते."

"ब्लॉडिनला लाल-बिल कळत नाही. तिला ही कळते. वळणावर थांबायचं, वाजवायची, आणि मी 'हो' म्हणेपर्यंत हलायचं नाही. आपल्या दोघांत 'हो' म्हणजे मी थांबलोय, तू ये. समजलं?"

"आणि तुम्ही 'हो' म्हणालाच नाही तर?"

"तर मी मेलोय असं समज आणि खुशाल ये!"

दोघंही खूप हसली. मीसुद्धा सायकलवर हिंदकळत हसले. हसण्यासारखंच होतं ते तेव्हा.

ती वर्षं चांगली गेली, मित्रांनो. एमरिस ब्लॉडिनवर, नेस्ट सायकलवर, मी दांड्यावर. वरचं फाटक लांब दांड्याच्या कडीचं, घोड्यावरून न उतरता उघडता येईल असं. तिथून खाली ओढ्यापर्यंत. ओल्या मुळ्या, घसरडे दगड, चिखल. नेस्ट दहा वेळा पडायची आणि म्हातारा दहा वेळा म्हणायचा, "जमीन आवडलेली दिसतेय." या वाटेवर वेग नव्हता. पण नेस्टला इथला प्रत्येक दगड माहीत झाला होता. उन्हाळ्यात नेचे माणसाएवढे वाढायचे, ते दोघं मिळून विळ्यानं तोडायचे. ही वाट चालती राहिली तरच राहते. एक उन्हाळा कोणी फिरकलं नाही की जंगल ती गिळून टाकतं.

मग डोंगराच्या पलीकडच्या अंगाला ट्रेल झाला. खास सायकलींसाठी बांधलेला.

मी ट्रेलला शिव्या घालणार नाही. पाटीच्या दगडांची खाण बंद पडल्यावर या गावात काय उरलं होतं ते मी पाहिलंय. ट्रेल आला, त्याच्यापाशी खानावळ आली, मेरेरिदला तिथल्या स्वयंपाकघरात काम मिळालं. आणि ट्रेल देखणा आहे, खोटं कशाला बोलू! खडी दाबून केलेली वाट, भिंतीसारखी कललेली वळणं, उड्या मारायला मातीचे उंचवटे. सोपा कुठला, अवघड कुठला, ते रंगाच्या खुणांवरून कळायचं. सगळे एकाच दिशेनं जाणार. समोरून कोणी येणार नाही, कधीच नाही. तो ट्रेलचा कायदाच होता.

नेस्ट तिथे पहिल्यांदा गेली आणि परत आली ती वेगळीच होऊन.

जेवणाच्या टेबलावर वाद पेटला. मटण आणि लीकची कांद्यासारखी पात घालून केलेला रस्सा निवत होता, आणि तिघांपैकी कोणाच्या हातातला चमचा हलत नव्हता. मी दाराशी सायकलवर होते, सगळं ऐकत.

"शनिवारी मी ट्रेलवर जाणार," नेस्ट म्हणाली. "गेथिन आणि सगळे जातात. शर्यतीसाठी संघ निवडणार आहेत."

"शनिवारी आपण नेचे तोडतो," एमरिस म्हणाला.

"बाबा, तिला जाऊ द्या," मेरेरिद म्हणाली. "त्या ट्रेलमुळे मला गावातच काम मिळालं, दुपारची घरी असते. नाहीतर या गावात शिल्लक होतं काय? मेंढ्या आणि तुम्ही."

"मेंढ्या बऱ्या. उलट बोलत नाहीत."

"आजोबा, तिथे समोरून कोणी येतच नाही हो! डोळे मिटून वळण घेतलं तरी चालतं."

"डोळे मिटायचेच असतील तर एवढं पेडल मारत जायचं कशाला? इथे खाट आहे."

"तुम्ही एकदा येऊन तर बघा. न बघताच नावं ठेवता."

आणि म्हातारा खरंच गेला. टोपी हातात धरून कुंपणापाशी उभा राहिला. नेस्ट वरून आली, उंचवट्यावरून सुटली आणि हवेत गेली. कितीतरी वेळ हवेतच होती असं वाटलं. मी दांड्यावरून त्याचा चेहरा पाहिला. तोंड उघडं. डोळ्यांत पाणी. संध्याकाळी तबेल्यात ब्लॉडिनच्या मानेवर हात फिरवत तो म्हणाला, "अगं, आपली पोरगी उडते."

दुसऱ्या दिवशी त्यानं नेस्टला समोर बसवलं. "तिथे उड. ती वाट उडण्यासाठीच बांधलीय. पण येताना घोडवाटेनं ये. मी आणि ब्लॉडिन ओढ्यापाशी थांबू. आणि घोडवाटेवर आलीस की जमिनीवर ये, पोरी. इथे समोरून कोणीतरी येत असतं. नेहमी."

"आणि नेचे?"

"ते मी तोडतो. मला अजून हात आहेत."

ठरलं. शनिवारी सकाळी ट्रेल, परतताना घोडवाट. दोन्ही वाटा तिच्या. निवडायचीच गरज नाही असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. पण निवड एकदाच, मोठ्या आवाजात, टेबलाभोवती बसून होत नसते. ती थोडी थोडी होते, आणि झाली हे कळतही नाही.

ट्रेलवर मी धडाधडा वाजायचे. प्रत्येक दगडावर, प्रत्येक उडीला. मग टोमणे सुरू झाले.

"ए, कोणाची मेंढी सुटली रे?" हा गेथिन. वाईट मुलगा नव्हता. उंच, तोंडाळ, नेस्टवर जीव असलेला. "नेस्ट, तुला शर्यतीत सोडलं तर मागे सगळं खोरं चरत येईल बघ!"

"गप रे. आजोबांची आहे."

"मग आजोबांना लाव ना. ते हरवतात का?"

सगळे हसले. तीही हसली. त्या दिवशी तिनं पायातला मोजा काढला आणि माझ्या पोटात कोंबला. माझी जीभ जागच्या जागी रुतली. पुढच्या शनिवारी पट्टाच सोडला आणि मोज्यासकट मला पाठीवरच्या पिशवीत टाकलं. घोडवाटेच्या वरच्या फाटकापाशी आली की ती थांबायची, मला काढायची, मोजा काढायची, पट्टा आवळायची. मग आम्ही उतरायचो. वळणावर थांबायचो. वाजवायचो. खालून यायचं, "होऽऽ!" तिच्या खांद्यांतला ताठपणा उतरायचा, आणि मग ती हळूहळू, मुळ्या चुकवत खाली यायची. ब्लॉडिन फुरफुरायची.

काही महिने असंच चाललं. तक्रार करावी असं काही नव्हतं.

तो शनिवार पावसाचा होता. इथला पाऊस मोठा नसतो. फक्त थांबत नाही. ट्रेलवर नेस्टनं शेवटची फेरी मारली, मग गेथिन म्हणाला, "अजून एक," मग तीच म्हणाली, "अजून एक." संघात तिची निवड झाली होती. अंगात वारं भरलं होतं. ती निघाली तेव्हा उशीर झाला होता, आणि ती बातमी आजोबांना कधी सांगते असं तिला झालं होतं. गेथिनही बरोबर आला. वरच्या फाटकापाशी दोघं थांबली.

"थांब, घंटा बांधते."

तिनं मला बाहेर काढलं. पट्टा भिजून फुगला होता, बक्कल सरकेना. तिची बोटं गारठून लाकडासारखी झाली होती. दोनदा निसटले मी.

"अगं, या पावसात कोण मरायला येतंय इथे?" गेथिन दात वाजवत म्हणाला.

"आजोबा असतील."

"ते खाली ओढ्यापाशी असतात ना? मग वळणावर कसे असतील? चल ना, मी गोठलो. तू पुढे हो. मगाशी ट्रेलवर आलीस ना, तश्शी एका दमात जा!"

नेस्टनं माझ्याकडे पाहिलं. मोजा अजून माझ्या तोंडातच होता. मग तिनं मला परत पिशवीत टाकलं आणि चेन ओढली.

काळोख. ओल्या मोज्याचा वास. आणि वेग. या वाटेवर मी तो वेग कधीच अनुभवला नव्हता. ट्रेलचा वेग होता तो, समोरून कोणी येणार नाही अशा वाटेवरचा. आणि मग मला खूर ऐकू आले. दगडावर पडणारे ब्लॉडिनचे खूर, मला हजारांत ओळखू येतील असे. चढत येणारे. जवळ. मी पिशवीत होते, मित्रांनो. माझ्या तोंडात मोजा होता.

एमरिसनं पुढे मेरेरिदला सांगितलं ते एवढंच: "उशीर झाला म्हणून बघायला निघालो. वळणाखाली थांबलो, चांगला थांबलो. कान देऊन ऐकलं. घंटा नव्हती. म्हणून वर निघालो."

नेस्टचं चाक ब्लॉडिनला लागलंदेखील नाही. तिनं ब्रेक मारला, सायकल आडवी घसरली, ती नेच्यांत फेकली गेली. कोपर खरचटलं, बस. पण वळणातून काहीतरी चमकतं, किंचाळतं एकदम अंगावर आलं आणि ब्लॉडिन मागच्या पायांवर उभी राहिली. ओली मुळी. मागचा खूर कडेवरून सुटला. घोडी आणि म्हातारा, दोघंही ओढ्यापर्यंत गडगडत गेली.

गेथिन मदत आणायला धावला. अंगात होता तितका जोर लावून, रडत. माणसं आली, जनावरांची डॉक्टर आली. बाईनं ब्लॉडिनचे पुढचे पाय पाहिले आणि एमरिसकडे पाहून नुसती मान हलवली. एमरिसचं कंबरेचं हाड मोडलं होतं. त्याला स्ट्रेचरवर घ्यायला लागले तर तो घेऊ देईना. कोपरांवर सरपटत घोडीच्या डोक्यापाशी गेला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"नेस्ट," तो म्हणाला. "घंटा कुठे आहे?"

ती पिशवीची चेन चाचपायला लागली.

"असेल तर वाजव. ऐकू दे तिला."

तिनं मला पिशवीतून काढलं. मोजा ओढला, तो निघेना, तिनं दातांनी ओढून काढला. आणि वाजवलं. ओढ्याकाठी, पावसात, सगळ्या माणसांसमोर मी वाजले. आयुष्यात इतकी स्वच्छ मी कधी वाजले नव्हते.

ब्लॉडिननं कान टवकारले. नाकानं फुरफुरली. दाण्याची वेळ झाली असं वाटलं असेल तिला.

"हो," एमरिस तिच्या कानात म्हणाला. "हो, बाळा. हो."

डॉक्टरबाईनं सुई टोचली.

त्यानंतर गावसभा भरली. चहा झाला, मनुकांचा ब्रेड झाला, आणि घोडवाट दोषी ठरली! धोक्याची आहे म्हणे. अरुंद आहे म्हणे. सायकली ट्रेलवर, घोडे आपापल्या कुरणात, हेच बरं. सगळ्यांना पटलं. पटणारच. वाट काही उठून उलट बोलत नाही. फाटकावर पाटी लागली: सायकलस्वारांनी ही वाट टाळावी. अरे, शंभर वर्षं लाकूड ओढणाऱ्या घोड्या या वळणावरून गेल्या. एकही पडली नाही. वाट तीच होती. थांबणारं माणूस तेवढं नव्हतं. पण ही पाटी कोण रंगवणार?

नेस्टनं संघ सोडला. लोक म्हणाले, पोरीनं वेडेपणा केला. सायकल तबेल्यात उभी राहिली, ब्लॉडिनच्या रिकाम्या गव्हाणीजवळ. गेथिन एकदा दारात आला. मेरेरिदनं त्याला आत घेतलं, चहा दिला. तो कपाकडे बघत बसला आणि न पिता गेला.

एमरिस घरी आला, पण खाटेवरून उठला नाही. त्याची खाट खिडकीशी लावली होती. खिडकीतून डोंगर दिसायचा. त्यानं नेस्टला एक शब्द बोलून दाखवला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. एक दिवस तिनंच विचारलं.

"आजोबा, तुम्ही मला ओरडत का नाही?"

"ओरडून काय होणार? तू वरून आलीस, मी खालून आलो. दोघंही घाईत."

"तुम्ही थांबला होता. मी नाही थांबले."

म्हाताऱ्यानं मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाला, "नेचे वाढले असतील."

नेस्ट उठली. विळा घेतला, मला घेतलं, आणि पायी वर आली. दिवसभर नेचे तोडले. मग हा ओकचा खांब रोवला आणि मला इथे टांगलं. बाजूला पाटी नाही, सूचना नाही. नुसती मी, आणि ओढायला एक दोरी. संध्याकाळी तिनं दोरी ओढली आणि गप्प उभी राहिली.

खालून, खूप खालून, घराच्या खिडकीतून आवाज आला. बारीक, फाटका. पण आला.

"होऽऽ!"

ती भिंतीला टेकून रडली.

मग दर शनिवारी असंच व्हायचं. ती यायची, नेचे तोडायची, वाजवायची, थांबायची. "होऽऽ" आलं की मगच खाली उतरायची. हिवाळ्यात तो आवाज जेमतेम यायचा. मेरेरिद सांगायची, शनिवार असला की ते दुपारपासून खिडकी उघडी ठेवायला लावतात, थंडी असो नाहीतर काही असो. "बाबा, न्यूमोनिया होईल," म्हटलं तर म्हणतात, "पोरगी वर थांबून राहील गं."

मित्रांनो, आता माझं ऐका. तुम्ही ट्रेलवर जा. मनसोक्त उडा. बांधलेली वाट वाईट नसते. पण तिथली सवय या वाटेवर घेऊन येऊ नका. या वाटा फक्त तुमच्या नसतात. वळणापलीकडे कोणीतरी तुमचा कानोसा घेत उभं असतं, आणि तुम्ही गप्प आहात म्हणजे वर कोणी नाही, असं समजून ते पाऊल उचलतं. म्हणून वाजवा. आणि थांबा. नुसतं वाजवून सुसाट निघून जाणारे मी या खांबावरून पुष्कळ पाहिलेत. पाटी न वाचणारे येतात, मला हापटून जातात, मजा म्हणून. त्यांच्यासाठी माझ्याकडे शब्द नाहीत. जे आहेत ते मुलांसमोर बोलण्यासारखे नाहीत.

परवाचा शनिवार. सकाळी खालच्या प्रार्थनाघरातून गाण्याचा आवाज आला. सगळं गाव गात होतं, चार आवाजांत, आमच्याकडे माणसाला निरोप देताना गातात तसं. मग खूप वेळ शांतता.

दुपारी नेस्ट आली. अंगावर काळे कपडे, हातात विळा. तिनं नेचे तोडले. नेहमीसारखे, मुळापासून, एकही न सोडता. मग माझ्यापाशी आली आणि दोरी ओढली.

मी वाजले. ती थांबली.

खिडकी बंद होती. इथून दिसते ती. तिलाही दिसत होती. तरी ती थांबली. ऊन भिंतीवरून उतरून ओढ्यात गेलं, तरी थांबली होती. काही आलं नाही.

मग तिनं खाली पाहत, तिची तिला तरी ऐकू येईल का अशा आवाजात, स्वतःच म्हटलं, "हो."

आणि सावकाश, मुळ्या चुकवत, उतरायला लागली.